नकाशात वाडी 9 मीटर उंच, तरी उधाणाचं पाणी मागीलदारी का येतं?

तुम्ही दिलेले आकडे असे: एसआरटीएमच्या (अवकाशयानातल्या रडारने केलेल्या जमिनीच्या उंचीच्या मोजमापाच्या) नकाशात खाडीकाठची वाडी 9 मीटर उंच, मोबाईलच्या जीपीएस ॲपमध्ये उणे 60च्या आसपास, आणि उधाणाला पाणी मात्र मागीलदारच्या माडांपर्यंत. बांध किती उंच घालायचा, हे यांतल्या कोणत्याही आकड्यावर ठरवू नका.

उणे 60 आधी घेऊ. कच्चं जीपीएस पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून, म्हणजे हिशेबासाठी धरलेल्या गुळगुळीत आकारापासून उंची मोजतं. श्रीलंकेच्या दक्षिणेला गुरुत्वाकर्षण कमी असल्याने तिथली समुद्रपातळी त्या लंबगोलाच्या 100 मीटरांहूनही खाली आहे. कोकण त्या खळग्याच्या उतारावर येतं, म्हणून इथली समुद्रपातळीही साठेक मीटर खालीच भरते. लंबगोल आणि खरी समुद्रपातळी यांतला हा फरक काढण्याची दुरुस्ती (जिऑइडची दुरुस्ती) ॲपने केलेली नाही, एवढंच. ती केली तरी मोबाईलच्या उंचीत पाच-दहा मीटरांची चूक सहज राहते.

आता 9 मीटर. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानाने 11 दिवसांत हे मोजमाप केलं. रडारच्या लहरीची लांबी 5.6 सेंटिमीटर. ती माडाच्या झावळ्यांत आणि कांदळवनाच्या शेंड्यांतच बरीचशी अडते, जमिनीपर्यंत थोडीच पोचते. शिवाय 30 मीटरच्या एका चौकटीत तुमची माडबाग, कौलं, भातखाचर आणि दोन-तीन मीटर रुंदीचा बांध, सगळं मिळून एकच आकडा येतो, तोही पूर्ण मीटरात. झाडीत 9 दिसत असताना जमीन 2-3 मीटरवर असणं अगदी नेहमीचं आहे. हाच डेटा वरच्या उघड्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) तपासा, तिथे तो बराच विश्वासार्ह निघतो.

युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचा 30 मीटर चौकटींचा उंचीचा नकाशा नवा आहे, त्यात दशांशही मिळतात, पण त्याच्याही रडारची लहर जेमतेम 3 सेंटिमीटरची, म्हणजे झाडी त्यातही उरतेच. झाडीखालची जमीन हवी असेल तर नासाच्या आइससॅट-2 उपग्रहाचा डेटा बघा. त्याचा हिरवा लेझर सेकंदाला 10,000 स्पंद सोडतो, जमिनीवर साधारण 70 सेंटिमीटरला एक. झावळ्यांच्या फटीतून काही फोटॉन (प्रकाशाचे कण) तळाला पोचून परत येतात. पावसाळ्यातल्या फेऱ्या ढगांमुळे वाया जातात, जानेवारी ते एप्रिलच्या घ्या. फक्त त्याच्या रेषा ठरलेल्या असतात, नेमकी तुमच्या वाडीवरून जाईलच असं नाही. गढूळ खाडीचा तळही त्याला दिसत नाही.

समुद्राची पातळीही उपग्रहावरून घ्यावी असं वाटेल, तर खुल्या समुद्रात सेंटिनेल-6 हा रडार उपग्रह काही सेंटिमीटरपर्यंत नेमकं मोजतो. किनाऱ्याच्या शेवटच्या दहाएक किलोमीटरात मात्र रडारच्या ठशात (एका वेळी रडार जेवढा भाग बघतं त्यात) जमीन येते आणि प्रतिध्वनी बिघडतो. इस्रो आणि फ्रान्सच्या सरल उपग्रहाचा (2013) ठसा लहान होता, त्यामुळे तो किनाऱ्याच्या जास्त जवळ जाई. खाडीच्या आत त्याचाही उपयोग नव्हता.

भरतीच्या तक्त्यातही एक खोच आहे. त्याचा शून्य सरासरी समुद्रपातळीवर नसतो. मुंबईत अपोलो बंदराला तो सुमारे अडीच मीटर खाली आहे, म्हणजे तक्त्यातली 4.8 ची भरती सरासरी पातळीवर फक्त 2.3 मीटर. तुमच्या जवळच्या बंदराचा फरक वेगळा असेल, तोच वापरा.

बांधासाठी गवंड्याची लेव्हलची नळी पुरते. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी, वारा नसताना, भरती टिपेला आली की जेटीच्या खांबावर रंगाची खूण करा. 15-20 मीटरची पारदर्शक नळी घेऊन टप्प्याटप्प्याने ती पातळी घरापर्यंत आणा. नळीत बुडबुडा राहिला तर पातळी फसते, आणि अर्धी नळी उन्हात, अर्धी सावलीत ठेवली तरीही. शेवटी मोजत परत खुणेवर या. दोन-तीन सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर सगळं पुन्हा मोजा. खाडीच्या आत भरती बंदरापेक्षा उशिरा येते आणि उंचीही बदलते, म्हणून ही तुमची खूण तक्त्यापेक्षा खरी. जुलै-ऑगस्टच्या उधाणाला वारा आणि नदीचा पूर भर घालतात, तेव्हाही अशीच खूण घ्या, आणि बांधाची उंची या दुसऱ्या खुणेवरून धरा.