ध्येय बदललं तर ताण कमी होतो, की ती फक्त हार असते?

तुमचा प्रश्न असा आहे: तीन वर्षं एकाच परीक्षेच्या मागे आहात, झोप उडाली आहे, घरचे म्हणतात ‘जिद्द सोडू नकोस’. अशा वेळी ध्येय बदललं तर ताण खरंच हलका होईल, की पळ काढल्याची बोच जन्मभर राहील?

मी तरुण मुलामुलींचं समुपदेशन करते. माझ्या अनुभवात ध्येय सोडल्याने फार थोडे जण खचतात. खचतात ते अर्धवट सोडल्याने. अभ्यास थांबलेला असतो, पण मन अजून तिथेच अडकलेलं असतं. हातून काही होत नाही आणि इच्छाही सुटत नाही, त्यामुळे ताण दोन्हीकडून येतो.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाचं सांगते (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). त्याला वैमानिक व्हायचं होतं. वैद्यकीय तपासणीत त्याला लाल-हिरव्या रंगातला फरक नीट कळत नाही असं निघालं. हा दोष जन्मजात असेल तर मेहनतीने जात नाही. त्याने अर्ज भरणं केव्हाच बंद केलं होतं, पण फोनमध्ये रंगदृष्टीच्या चाचणीची चित्रं साठवून ठेवली होती. रंगीत ठिपक्यांची वर्तुळं आणि त्यांत दडलेले आकडे. पहिल्या चित्रातला 12 सगळ्यांनाच दिसतो, म्हणून तो रोज रात्री तिथून सुरुवात करायचा आणि पुढचे आकडे पाठ म्हणायचा. दिसत नसलेले आकडे! वरून बघणाऱ्याला वाटायचं, पोराने विषय संपवला. आत मात्र काहीच संपलं नव्हतं.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ कार्स्टन व्रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये याबद्दल मांडणी केली. आवाक्याबाहेरच्या ध्येयातून बाहेर पडायचं तर त्यासाठीची धडपड थांबवावी लागते आणि मनाची गुंतवणूकही काढून घ्यावी लागते. नव्या ध्येयाकडे वळणं ही यापेक्षा निराळी क्षमता आहे. एखाद्याला सोडणं जमतं पण नवं काही धरता येत नाही, तो मग रिकामेपणात अडकतो. हे अडकणं शरीरालाही जाणवत असावं. व्रॉश आणि ग्रेगरी मिलर यांनी किशोरवयीन मुलींचा सुमारे वर्षभर पाठपुरावा केला. ज्यांना अशक्य ध्येयांपासून दूर होणं जड जात होतं, त्यांच्या रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा घटक, वाढत गेलेला दिसला. हा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. तो छोट्या गटावरचा होता, म्हणून त्यावरून कुणी घाबरून जाऊ नये. पण ‘ताण काय, डोक्यातच असतो’ म्हणणाऱ्यांना तो जरूर सांगावा.

त्यांचाच 2009 चा निष्कर्ष मला जास्त धीर देणारा वाटतो. ज्या मुलींमध्ये सुरुवातीला उदासीची लक्षणं जास्त होती, त्यांची ध्येय सोडण्याची क्षमता पुढच्या काळात वाढली, आणि ती वाढली तशी उदासीही ओसरत गेली. म्हणजे ध्येय सुटताना काही काळ वाईट वाटणं हा त्या सुटण्याचाच भाग असू शकतो. म्हणून कुणी रडत असेल तर मी लगेच ‘पॉझिटिव्ह विचार कर’ म्हणत नाही.

आता जिद्दीबद्दल. जर्मनीतल्या यॉखेन ब्रान्टश्टेटर आणि गेरोल्फ रेनर यांनी 1990 मध्ये चिकाटी आणि लवचीकपणा या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. एक जास्त म्हणजे दुसरी कमी, असं काही दिसलं नाही. मध्यमवयीन आणि त्याहून मोठ्या माणसांत वयाबरोबर लवचीकपणा मात्र वाढलेला दिसला. तेव्हा विशीत हे अवघड वाटतंय म्हणून स्वतःला दुबळं समजू नका. आणि घरच्यांना सांगायला हरकत नाही की लवचीक होणं म्हणजे जिद्द गमावणं नव्हे.

पण लगेच परीक्षा सोडा असं मी म्हणणार नाही. आधी बघा, अडचण तुमच्या हातातली आहे का. गुण दर वेळी वाढतायत, एकच विषय मागे ओढतोय, तर पद्धत बदला, ध्येय राहू द्या. गुण तिथेच आहेत, प्रकृती ढासळतेय आणि पुढे जाण्याचं कारण ‘इतकी वर्षं घातली’ एवढंच उरलंय, तर ते कारण पुरेसं नाही. गेलेली वर्षं पुढच्या निर्णयात मोजायची नसतात. मधल्या वाटाही असतात: नोकरी करत तयारी करणं, किंवा त्याच क्षेत्रातलं दुसरं पद. ध्येय पूर्ण टाकण्याआधी त्याची मुदत किंवा आकार बदलून बघावा.

शिवाय या परीक्षेतून तुम्हाला नेमकं काय हवं होतं, हे कागदावर लिहा. त्या मुलाने लिहिलं तेव्हा विमान चालवण्यापेक्षा वादळं ओळखून वाट काढण्याचं वेड वर आलं. तो हवामानशास्त्राकडे वळला. लगेच खूश झाला असं नाही, कित्येक महिने जुन्या मित्रांचे गणवेशातले फोटो बघणं त्याला जड जायचं. पण ती चित्रं त्याने स्वतःहून पुसली, आणि रात्रीची झोप परत आली.

तुम्ही पुढचा प्रयत्न करणार असाल तर तो सुरू करण्याआधीच ठरवा, कोणता निकाल आला की थांबायचं, आणि थांबल्यावर पहिल्या आठवड्यात काय हाती घ्यायचं. हे आजच घरी सांगून ठेवा. निकालाच्या संध्याकाळी, सगळे हळवे असताना हा निर्णय घ्यायला बसू नका. आणि झोप अशीच उडालेली राहिली, किंवा जगणंच नकोसं वाटायला लागलं, तर परीक्षेची वाट न बघता डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. ते आधी, बाकी सगळं नंतर.