आजच्या समाजात स्त्रीचं स्थान खरंच बदललंय का?

बदललंय, पण सगळीकडं सारखं नाही. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातलंच सांगतो.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही हेच करायला सांगितलं. शाहू महाराजांनी याच कोल्हापूर संस्थानात 1917 साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता. मधे शंभरावर वर्षं गेली, तरी बांगड्यांसाठी ठराव करावा लागला! आणि ठराव झाला तरी मयताच्या दारात भावकीतली एखादी म्हातारी "रीत हाय बाई" म्हणतेच. तिच्यापुढं कागद घेऊन कोण उभं राहणार?

खरी मेख मला जमिनीत दिसते. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. पण बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही केली तर ती गुणाची, नाही केली तर भाऊबीजेचं ताट बंद. माझ्या आत्यानं सही केली. का, तर "माहेर तुटायला नको." रानाचा भाव तिला चांगला ठाऊक होता.

सरपंचपदाचं म्हणाल, तर निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. काही ठिकाणी कारभार अजून नवराच बघतो; पण दुसऱ्या खेपेला निवडून आलेली बाई त्याला ऑफिसात फिरकू देत नाही, हेही बघितलंय.