पिस्टन पिनचं लॉक उडालं, सापडत नाही. जुनं लावलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिडकोतल्या घराच्या गॅलरीत जुन्या स्प्लेंडरचं इंजिन बांधताय. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन सरकू नये म्हणून पिस्टनच्या दोन्ही बाजूंच्या खोबणीत तारेची दोन कडी, म्हणजे लॉक बसवतात. त्यातलं एक बसलं, दुसरं बसवताना हातातून उडालं आणि कुठे गेलं ते कळत नाही. जुनी दोन्ही लॉक डबीत आहेत, त्यातलं एक लावून ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडर, चढवावा का?

नका चढवू. आणि कृपा करून किकही मारू नका, मॅग्नेट (क्रँकच्या टोकाचं चाक) हाताने फिरवून बघू नका. लॉक खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पेटीत पडलं असेल, तर क्रँक अर्धा फेरा फिरला तरी ते कुठेतरी अडकू शकतं.

आधी ते शोधा. गॅलरी झाडून घ्या, गाडीखालचं पोतं झटका, फूटरेस्ट आणि कव्हरच्या कडा बघा. नाहीच मिळालं तर ते इंजिनात आहे असंच धरून चाला. लॉक स्प्रिंगच्या पोलादाचं असतं, त्यामुळे लोहचुंबकाला चिकटतं. चेंबर अॅल्युमिनियमचं, म्हणजे लांब दांडीचा चुंबक आत सोडला तर तो भिंतींना चिकटत नाही, पण क्रँक आणि रॉडला मात्र चिकटतो, म्हणून हळूहळू, टॉर्चच्या उजेडात फिरवा. रॉडच्या दोन्ही बाजू आणि टायमिंग चेनचा बोगदा नीट बघा. तिथेही नसेल तर ऑइल काढून क्लचच्या बाजूचं कव्हर उघडा, खाली ऑइलची जाळी असते ती बाहेर काढा. अख्खी संध्याकाळ जाईल. जाऊ द्या.

एवढं ठासून सांगण्याचं कारण आहे. मी नाशिकला सातपूरच्या कारखान्यात काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी घरीच गाड्या बांधतो. काही वर्षांपूर्वी चुलतभावाच्या गाडीला नवा पिस्टन टाकला. किटमधलं एक लॉक पक्कडीत दाबताना वाकलं, दुकानं बंद झाली होती, म्हणून मी जुनंच लॉक लावलं. चैत्राच्या यात्रेला तो सप्तशृंगी गडावर निघाला. दिंडोरी सोडल्यावर इंजिनात टिकटिक सुरू झाली, नांदुरीच्या अलीकडे गाडी बंद पडली. उघडलं तर लॉक खोबणीतून निघालेलं, पिन एका बाजूला सरकलेली, आणि तिने ब्लॉकच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत चर पाडलेला. बोअर करून, म्हणजे आतली भिंत कातूनही तो निघाला नसता. अख्खं ब्लॉक-पिस्टन किट बदलावं लागलं. भाऊ पडला नाही, हे देवीचे उपकार. तेव्हापासून काढलेलं लॉक मी परत लावत नाही. ते दिसायला चांगलं दिसतं, पण काढताना दाबलं गेलेलं असतं आणि त्याचा ताण कमी झालेला असतो.

त्या बारक्या तारेवर किती जोर येतो बघा. ९७.२ सीसीच्या स्प्लेंडरचा स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला १०० वेळा वर जातो, १०० वेळा खाली येतो. वरच्या टोकाला दिशा बदलताना लॉकला स्वतःच्या वजनाच्या हजारपटीहून जास्त हिसका बसतो. म्हणूनच लॉकचं तोंड, म्हणजे त्याच्या दोन टोकांमधली फट, सरळ वर किंवा सरळ खाली ठेवायची. फट आडवी राहिली तर प्रत्येक हिसक्याला एकेक टोक खोबणीतून आत खेचलं जातं. आणि पिस्टनला लॉक काढण्यासाठी जी छोटी खाच दिलेली असते, तिच्यासमोर फट कधीच येऊ द्यायची नाही. काही लॉकना शेपटी असते, ती त्या खाचेतच बसते. अशी लॉक फिरवायची नसतात.

आता बसवायची पद्धत. टायमिंग चेनच्या बाजूचं लॉक टेबलावरच बसवून टाका, गाडीवर फक्त मोकळ्या बाजूचं उरलं पाहिजे. त्याआधी पिस्टनवरची खूण बघून कुठली बाजू कुठे येणार ते ठरवा, ‘इन’ लिहिलेली बाजू इनटेककडे. चेन तारेने वर बांधा. चेंबरचं तोंड आणि चेनचा बोगदा दोन्ही स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने गच्च बंद करा. तुम्ही फडकं लावलं होतं की नाही ते प्रश्नात लिहिलेलं नाही. लावलं असेल तर लॉक गॅलरीतच आहे, माझा अंदाज.

पिनला ऑइल लावून अंगठ्याने ढकला. घट्ट वाटली तर पिस्टन गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा, पुसून लगेच बसवा. हातोडी नको, रॉड वाकतो. पिन समोरच्या लॉकला टेकली की हातातलं लॉक तिरकं धरून एक टोक खोबणीत घाला, खाचेपासून दूर. ते टोक अंगठ्याने दाबून धरा आणि उरलेला भाग कडा घासून गुळगुळीत केलेल्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने कडेकडेने आत सरकवत न्या. पक्कडीत दाबून बारीक करण्याचा मोह टाळा, त्यातच लॉक वाकतं आणि उडतंही. मी हे काम पिस्टनवर मोठी पारदर्शक पिशवी चढवून, हात तिच्यात घालून करतो. सुटलं तरी पिशवीतच पडतं.

बसताना ‘खट्’ असा आवाज येतो, पण आवाजावर विसंबू नका. लॉक बिनशेपटीचं असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ते खोबणीत फिरवून बघा. ते जोर लावल्यावरच फिरलं पाहिजे आणि पूर्ण गोलभर खोबणीत बुडालेलं दिसलं पाहिजे. सहज फिरलं तर काढा आणि दुसरं नवीन लावा. दुकानात लॉक सुटी मिळतात. पिन सोबत घेऊन जा, मापाचीच मागा, आणि दोन लागत असली तरी चार आणा.

फडकं काढताना हळू, त्याच्या घडीत काही अडकलंय का ते बघत काढा. मगच ब्लॉक.