बीएमएस बसवला आहे, तरी चार्जिंग मधेच का तुटतं?

तुम्ही विचारलंय की २८० अँपिअर-अवरचे १६ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल घरी जोडले, चार्जर ५८.४ व्होल्टवर लावला, पण ५४ च्या आसपासच बीएमएस, म्हणजे बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट, चार्जिंग तोडतो. तर बीएमएस बदलावा का? बदलू नका. तो त्याचं काम चोख करतोय.

हिशोब बघा. एकच सेल ३.६५ ला पोचला आणि बाकीचे १५ अजून ३.३७ वर असले, तर बेरीज ५४.२ होते. चार्जरला फक्त ही बेरीज कळते, बीएमएस मात्र प्रत्येक सेल वेगळा मोजतो. म्हणजे तुमचा एक सेल बाकीच्यांपेक्षा जास्त भरलेला असावा.

पण सेल एका पातळीवर आणायला घेण्याआधी जोड तपासा, कारण बरेचदा खोट तिथेच सापडते. पॅक अर्धा भरलेला असताना, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर दिसायला हवेत अशा वेळी, मोठा लोड लावा. एखादा सेल वेगळा दिसला आणि लोड काढताच क्षणात बाकीच्यांत मिसळला, तर बसबारचा (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचा) जोड ढिला किंवा मळलेला आहे. एक मिलिओहमचा जोड ५० अँपिअरला ५० मिलिव्होल्ट खातो आणि अडीच वॉट उष्णता तयार करतो. ॲल्युमिनियमच्या टर्मिनलवर ऑक्साइडचा थर फार लवकर धरतो. बारीक पॉलिश पेपरने घासा, पुसा आणि लगेच कसा. स्पॅनरच्या दांड्याला आधी इन्सुलेशन टेप गुंडाळा.

जोड ठीक निघाले तर चार्जर ५५.२ वर आणा, म्हणजे सेलमागे ३.४५. क्षमतेत जवळपास काहीच घट होत नाही आणि बॅलन्सरला, म्हणजे सगळे सेल सारखे भरलेले ठेवणाऱ्या भागाला, वेळ मिळतो. वेळ लागणारच: दोन टक्के फरक म्हणजे ५.६ अँपिअर-अवर, आणि बॅलन्सर १०० मिलिअँपिअरचा असेल तर ५६ तास. बॅलन्सिंग सुरू होण्याची मर्यादा ३.४ च्या वर ठेवा. त्याखाली या सेलचं व्होल्टेज इतकं सपाट असतं की कोण किती भरलंय हे त्यावरून ठरवताच येत नाही. तिथे बॅलन्सर चालू राहिला तर बसलेली घडीच विस्कटतो.

मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हे, की बीएमएस हा शेवटचा पहारेकरी आहे. रोज चार्जिंग थांबवणं हे चार्जरचं काम आणि डिस्चार्ज थांबवणं इन्व्हर्टरचं. इन्व्हर्टर ४८ व्होल्टला बंद होऊ द्या. बीएमएसची सेलमागे २.५ ची मर्यादा फक्त अडीअडचणीला राहू दे. लेड-ॲसिडसाठी असलेला, मुद्दाम जास्त व्होल्टेज देणारा इक्वलायझेशन मोडही बंदच हवा. शून्य अंशाखाली चार्जिंग नको, त्याने ॲनोडवर धातुरूप लिथियम साचतं आणि सेल कायमचा खराब होतो. तापमानाचा सेन्सर सेलला चिकटलेला आहे ना, हवेत लोंबकळत नाही ना, तेही बघून घ्या.

फ्यूजबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो: बसवलाय का? बीएमएसमधले मॉसफेट (करंट तोडणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) बिघडतात तेव्हा अनेकदा शॉर्ट होऊन बसतात, मग तो काहीच तोडू शकत नाही. एवढा पॅक शॉर्ट झाला तर हजारो अँपिअर वाहतात. घरातल्या एसी वायरिंगचा एमसीबी तिथे चालणार नाही. डीसीसाठीचा टी क्लास फ्यूज घ्या आणि पॉझिटिव्ह टर्मिनलच्या अगदी लगत बसवा. तो नसेल तर पुढचं चार्जिंग तो बसवल्यावरच करा.