मुक्काम, पोस्ट आणि मायना
वाचकांचे प्रश्न : गावचं टपाल

गावच्या टपालाबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. छाननी (पत्रं पत्त्यांनुसार वेगळी लावणं) आणि बटवडा या दोन्ही कामांची आतून माहिती असलेल्यांनी उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत आत्या राहते. तिला पुण्याहून दोन पत्रं पाठवली. ‘मु. पो.’ लिहून गावाचं नाव, जिल्हा, पिन सगळं घातलं होतं. पहिलं पत्र तीन आठवड्यांनी ‘पत्ता अपुरा’ असा शेरा घेऊन परत आलं. दुसरं कुठे गेलं, कळलंच नाही. चूक कुठे झाली? – एक वाचक, पुणे

चूक बहुधा ‘मु. पो.’ मध्येच आहे. ही दोन अक्षरं आपण सवयीने जोडून लिहितो, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. मु. म्हणजे मुक्काम, माणूस राहतो ते गाव किंवा वाडी. पो. म्हणजे ज्या पोस्टातून त्या वाडीचं टपाल वाटलं जातं ते. गावातच पोस्ट असेल तर ‘मु. पो.’ एकत्र लिहावं. नसेल तर ‘मु. अमुक वाडी, पो. तमुक’ असंच लिहायला हवं. कोकणातल्या बहुतेक वाड्यांना स्वतःचं पोस्ट नाही. शेजारच्या मोठ्या गावातलं शाखा डाकघर त्यांचं टपाल सांभाळतं.

पिन होता, मग पत्र का पोचलं नाही, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण पिन पत्राला दारापर्यंत नेत नाही, फक्त उपडाकघरापर्यंत नेतो. एका उपडाकघराशी अनेक शाखा जोडलेल्या असतात आणि सगळ्यांना साधारण त्या उपडाकघराचाच पिन असतो. सकाळी थैली उघडली की तिथला माणूस पत्रं शाखावार लावतो, तेव्हा पिन सगळ्यांचा सारखाच असल्याने त्याची नजर ‘पो.’ वर जाते. ते नाव चुकलं की पत्र भलत्या शाखेच्या थैलीत पडतं. तिथला डाकसेवक, म्हणजे गावचा पोस्टमन, वाड्या फिरतो, त्या नावाचं कोणी सापडत नाही, आणि पत्र माघारी फिरतं. अशी दोन-तीन गावं हिंडल्यावर शेरा बसतो तो ‘पत्ता अपुरा’चा.

पत्ता असा लिहा :

श्रीमती (पूर्ण नाव, मधल्या नावासकट)
वाडी किंवा आळी, जवळची खूण
मु. … , पो. …
ता. … , जि. रत्नागिरी
पिन (सहा आकडे)

मधलं नाव फार महत्त्वाचं आहे. एका वाडीत निम्मी घरं एकाच आडनावाची असतात, आणि त्यांत एकाच नावाच्या तिघीजणी निघू शकतात. आत्याला गाव कोणत्या नावाने ओळखतं तेही विचारून घ्या. भाचरांच्या तोंडी माहेरचं नाव असतं, तर रेशनकार्डावर आणि डाकसेवकाच्या डोक्यात सासरचं. खुर्द आणि बुद्रुक कधीही गाळू नका. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव ही नावं महाराष्ट्रात इतकी आहेत की तालुका नसेल तर छाननी करणाऱ्याला अंदाजच बांधावा लागतो. महाराष्ट्रातल्या पत्राला मराठी पत्ता चालतो, मात्र पिन इंग्रजी आकड्यांत आणि सुटा सुटा लिहा. घाईत काढलेला 1 आणि 7 सारखा दिसला, तर पत्र दुसऱ्याच जिल्ह्यात जाऊ शकतं.

आता तुमचं दुसरं पत्र. त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता होता का? नसेल, तर न वाटता आलेलं पत्र परतपत्र कार्यालयात जातं आणि पाठवणाऱ्याचा पत्ता मिळावा म्हणून तिथे ते उघडावं लागतं. आतही नुसतं ‘तुझाच बाळू’ लिहिलेलं असेल, तर पुढे काही करता येत नाही. म्हणून मागच्या बाजूला स्वतःचा पूर्ण पत्ता लिहायचाच.

प्रश्न : आजीला वाचता येत नाही. गावचा पोस्टमन पत्र वाचून दाखवतो. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून मी पत्र लिहायचं ठरवलं आहे. कसं लिहू? – एक विद्यार्थिनी, नाशिक

जरूर लिहा. फोनवरचं बोलणं कानाला लागेपर्यंत संपून जातं. पत्र आजी दुपारी शेजारणीकडून पुन्हा वाचून घेईल, आणि पुढच्या आठवड्यात आणखी एकदा.

आधी एक लक्षात घ्या. पत्र वाचून दाखवणं डाकसेवकाच्या ठरलेल्या कामात येत नाही. तो ते आपुलकीने करतो, आणि थैलीत बाकीच्या घरांचं टपाल असतानाच करतो. त्यामुळे पत्र त्याला सलग वाचता येईल असं हवं. अक्षर टपोरं, ओळींत मोकळी जागा आणि कागदाच्या एकाच बाजूला मजकूर. निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने लिहा. जेलपेनची शाई पावसाच्या चार थेंबांत पसरते. वाक्यं एका दमात म्हणता येतील एवढीच ठेवा आणि लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून पाहा. जिथे तुमची जीभ अडखळेल तिथे त्याचीही अडखळणार.

मायना पूर्ण शब्दांत लिहा. वडीलधाऱ्यांना ‘शि. सा. न.’, बरोबरीच्यांना ‘स. न. वि. वि.’ (सप्रेम नमस्कार विनंती विशेष), धाकट्यांना ‘अ. उ. आ.’ (अनेक उत्तम आशीर्वाद) ही अक्षरं जुन्या माणसांना पाठ होती. आजचा तरुण डाकसेवक ‘शि, सा, न’ अशी सुटी अक्षरंच वाचेल आणि आजीचा नमस्कार तिथेच हुकेल. ‘तीर्थरूप आजीस शिरसाष्टांग नमस्कार’ असं लिहिलंत की तो तिच्या कानी पूर्ण पडेल.

मजकुराबद्दल आमचं मत ठाम आहे. ‘इकडे सर्व ठीक, तिकडे कसं आहे’ एवढ्यासाठी कोणी पाच रुपयांचं पाकीट खर्चू नये. ‘काल गवारीची भाजी केली, तुझ्यासारखं दाण्याचं कूट घातलं, पण खाली लागली. कूट तू आधी घालतेस की शेवटी?’ असं लिहा. यात आजीला तुमची चूल दिसते आणि उत्तर द्यायला काहीतरी हाती लागतं. पत्र ओटीवर चारचौघांत वाचलं जाणार, हेही ध्यानात असू द्या. टपालातला मजकूर बाहेर न बोलण्याचं बंधन डाकसेवकावर आहे, शेजारणीवर नाही. पैशांचे वाद, आजारपणाचे रिपोर्ट आणि सुनांविषयीच्या गोष्टी त्यात नकोत.

पाकिटात एक कोरं पोस्टकार्ड घाला आणि त्यावर तुमचा पत्ता आधीच लिहून ठेवा. पन्नास पैशांच्या त्या कार्डामुळे उत्तर येण्याची शक्यता कितीतरी वाढते, कारण सांगणारी आजी आणि लिहिणारा कोणीतरी एवढीच गरज उरते. हे अंतर्देशीय पत्रातून करू नका. अडीच रुपयांच्या त्या निळ्या पत्रात आत काहीही घालायला परवानगी नाही. साध्या पाकिटाला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट लागतं. नेहमीचा ए-४ कागद साधारण ५ ग्रॅम भरतो, म्हणजे पातळ पाकिटात दोन कागद आणि एक कार्ड आरामात बसतं. त्याहून जाड झालं तर पोस्टात वजन करून घ्या. तिकीट कमी पडलं की पत्र नॉटपेड होतं आणि कमी पडलेल्या रकमेची दुप्पट आजीकडून मागितली जाते.

प्रश्न : रजिस्टर टपाल बंद झालं असं ऐकतो. भावकीतल्या जमिनीची नोटीस पाठवायची आहे. आता काय करायचं? – एक शेतकरी वाचक, ता. बार्शी

रजिस्टर ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळली आहे. पण नाव घालून, ज्याची त्यालाच देण्याची सोय गेलेली नाही. खिडकीवर ‘स्पीड पोस्ट, रजिस्ट्रेशनसह’ असं स्पष्ट सांगा. नुसतं स्पीड पोस्ट त्या पत्त्यावरच्या दुसऱ्या कोणाच्याही हाती दिलं जाऊ शकतं. रजिस्ट्रेशन असेल तर ते पत्ता असलेल्या माणसाला किंवा त्याने लेखी नेमलेल्यालाच मिळतं. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरांनुसार ५० ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ रुपये, बाहेरगावी ४७ रुपये, रजिस्ट्रेशनचे ५ रुपये वेगळे, आणि वर जीएसटी. पावती नोटिशीच्या प्रतीला टाचून ठेवा. घर बंद असेल तर सूचना ठेवून टपाल साधारण सात दिवस पोस्टात राखतात आणि मग परत पाठवतात. तो परत आलेला लखोटा फोडू नका. त्यावरचा शेरा आणि तारीख वकिलाला जशीच्या तशी लागते.

प्रश्न : गावी आईला दरमहा दीड हजार पाठवतो. मनीऑर्डर बरी की खातं? – एक वाचक, ठाणे

मनीऑर्डरला २० रुपयांना एक रुपया, म्हणजे दीड हजाराला ७५ रुपये जातात. एका मनीऑर्डरची मर्यादा पाच हजार. वर्षाचे ९०० रुपये नुसत्या हशिलात. आईचं पोस्ट पेमेंट्स बँकेत खातं काढलंत, तर तोच डाकसेवक अंगठ्याच्या ठशावर तिला घरी पैसे देऊ शकतो. हिशेबाने खातंच बरं. मात्र उतारवयात आणि शेतकामाने बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र ठसा घेत नाही. खातं उघडताना दहाही बोटं तपासून घ्या आणि जे बोट नीट उमटतं ते आईला सांगून ठेवा.

यात एक गोष्ट हरवते. कागदी मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली कुपन असायचं. मुंबईच्या गिरणीतून कोकणात येणाऱ्या पैशांबरोबर त्या कुपनावर दोन ओळी यायच्या आणि पैसे संपले तरी कुपन घरात राहायचं. आताच्या मनीऑर्डरीत ठरावीक संदेशांतून एक निवडावा लागतो. म्हणून पैसे खात्यात टाकले तरी महिन्याला एक पोस्टकार्ड वेगळं टाकाच.

प्रश्न : पुतण्या सैन्यात आहे. त्याच्या पत्त्यावर गावाचं नावच नाही. फराळ पाठवता येईल का? – एक वाचक, जि. सातारा

नाव नसतं आणि नसायलाच हवं. त्याचा नंबर, हुद्दा, नाव, युनिट, ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे सैन्याचं पोस्ट) आणि ९ ने सुरू होणारा पिन एवढंच लिहा. ठिकाण तुम्हाला ठाऊक असलं तरी पत्त्यात घालू नका. पुढचं काम सैन्याची टपाल सेवा पाहते, दर देशातल्या टपालाचेच लागतात.

फराळात शंकरपाळी, चिवडा, कडबोळी, रव्याचे कोरडे लाडू टिकतात. खवा किंवा ओला नारळ घातलेलं काही नको. वाट लांबची असते. तळलेलं एक रात्र कागदावर निथळू द्या, नाहीतर तेल खोक्यातून बाहेर येतं आणि पत्ता पुसतो. घट्ट झाकणाचे डबे घ्या आणि डबा काठोकाठ भरा. आत मोकळी जागा राहिली तर कडबोळ्यांचा चुरा होतो. पत्त्याचा दुसरा कागद खोक्याच्या आतही ठेवा.

प्रश्न : पिनकोड मराठी माणसाने केला हे खरं का? – इयत्ता नववी, कोल्हापूर

खरं. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातले अधिकारी. त्यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन सुरू झाला. एकसारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या लिप्या आणि न लागणारं हस्ताक्षर यांवर त्यांनी आकड्यांचा उपाय काढला. पहिला आकडा विभागाचा, आपला ४. पहिले तीन आकडे मिळून छाननीचा जिल्हा ठरतो, पण तो सरकारी जिल्हा नव्हे. साताऱ्याचा पिन ४१५००१ आणि रत्नागिरीचा ४१५६१२, दोन्हींची सुरुवात ४१५ च. शेवटचे तीन आकडे बटवड्याच्या पोस्टाचे.

प्रश्न : आमच्या गावचा डाकसेवक एकटा सहा वाड्या करतो. गावाने त्याला काय मदत करावी? – सरपंच, जि. बीड

हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार. ग्रामीण डाकसेवक हा खात्याचा पूर्णवेळ नोकर धरला जात नाही. कामाचे तास चार ते पाच, चार तासांच्या शाखेत मूळ मानधन शाखाप्रमुखाला १२,००० आणि त्याच्या सहायकाला १०,००० रुपये, वर महागाई भत्ता. शाखेसाठी जागाही शाखाप्रमुखालाच द्यावी लागते, म्हणून कित्येक गावांत पोस्ट म्हणजे त्याची स्वतःची ओटी असते. ग्रामपंचायतीने एखादी कोरडी, कुलूप लागणारी खोली दिली तर पहिला भार हलका होईल. दुसरं, घरांवर ठळक नावं लिहून घ्या, भाडेकरूंचीसुद्धा. तिसरं, वस्तीवरच्या घरांनी रस्त्यालगत झाकणाची पेटी लावावी आणि कुत्री सकाळी बांधून ठेवावीत.

तुमच्या जिल्ह्यासाठी आणखी एक. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबं सहा-सहा महिने बाहेर असतात आणि त्यांचं टपाल ‘घर बंद’ होऊन परत जातं. मुलाचा प्रवेश, बँकेचं एटीएम कार्ड, कोर्टाची तारीख, सगळं त्यात असतं. गाडी भरण्याआधीच्या आठवड्यात ग्रामपंचायतीने या कुटुंबांची यादी करावी. टपाल कारखान्याच्या पत्त्यावर वळवण्यासाठी प्रत्येकाने शाखेत लेखी अर्ज द्यावा : नाव, गावचा पत्ता, कारखान्याच्या गट कार्यालयाचा पत्ता पिनसह, मुकादमाचा फोन, सही किंवा अंगठा. टोळीने कारखाना बदलला की नवा अर्ज. कोणाला लिहिता येत नसेल तर शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांना एका दुपारी बसवा, तीस-चाळीस अर्ज सहज होतात.