पेट्रोल संपत आल्याचा दिवा लागत नाही: सेन्सर तपासावा कसा?

टाकी रिझर्व्हला आली तरी दिवा लागत नाही आणि सेन्सर काढून मल्टिमीटर लावला तर सतत सुमारे हजार ओहमच दिसतात, तेव्हा नवा मागवावा का, असे तुम्ही विचारले आहे. इतक्यात मागवू नका. दोन वायर, खाली बारीक छिद्रांची धातूची डबी आणि तरंगता फ्लोट नाही, या तुमच्या वर्णनावरून तो थर्मिस्टरचा, म्हणजे तापमानानुसार रोध बदलणाऱ्या भागाचा, सेन्सर दिसतो, आणि थंड थर्मिस्टरने साधारण तेवढाच रोध दाखवायला हवा.

थर्मिस्टर तापला की त्याचा रोध घटतो. तो दिव्याच्या बल्बबरोबर सिरीजमध्ये असल्यामुळे इग्निशन सुरू होताच दोघांतून सुमारे १२ मिलिअँपिअर एवढाच प्रवाह वाहतो, जो बल्ब पेटवायला अपुरा असला तरी थर्मिस्टरला हळूहळू तापवायला पुरतो. पेट्रोलमध्ये बुडालेला असेपर्यंत ही उष्णता पेट्रोल ओढून घेते. उघडा पडला की तो तापतो, रोध कोसळतो, प्रवाह वाढतो आणि बल्ब पेटतो. मल्टिमीटरचा प्रवाह त्याला तापवण्याइतका नसतोच, म्हणून त्याच्या एका आकड्यावरून निकाल देता येत नाही. मल्टिमीटरने फार तर वायर तुटली आहे किंवा आत शॉर्ट आहे, एवढे कळेल.

सुरुवात सेन्सरपासून न करता वायरिंगपासून करावी. टाकीखालचा कनेक्टर सोडवून, इग्निशन सुरू करून, गाडीच्या बाजूची दोन टोके वायरच्या तुकड्याने जोडा. बल्ब लगेच पूर्ण तेजाने पेटला पाहिजे. तो पेटत नसेल, पण बल्बकडून येणारे टोक चेसिसच्या स्वच्छ धातूला टेकवल्यावर पेटत असेल, तर दोष अर्थिंगच्या वायरचा आहे, आणि जुन्या गाड्यांत तो बऱ्याचदा तिथेच निघतो.

यानंतर सेन्सर पूर्ण वाळवून, टाकी आणि पेट्रोलच्या वाफा यांपासून दूर, मोकळ्या हवेत १२ व्होल्टची बॅटरी, ३.४ वॅटचा बल्ब आणि सेन्सर अशी एकाच साखळीत जोडणी करा. बल्ब वगळून सेन्सर थेट बॅटरीला कधीही लावू नये, कारण रोध घटत गेला की प्रवाहाला आवर राहत नाही आणि थर्मिस्टर जळतो. सेन्सर चांगला असेल तर बल्ब आधी विझलेला राहील, मग तांबूस दिसू लागेल आणि थोड्याच वेळात उजळेल. हवा थंड असेल किंवा बॅटरी उतरलेली असेल तर मिनिटभराहून अधिक वेळ लागला तरी घाबरू नये. जोडताक्षणी पूर्ण पेटला तर आत शॉर्ट आहे, आणि बराच वेळ थांबूनही अंधारच राहिला तरच सेन्सर गेला म्हणावे. बुडवण्याची परीक्षा मात्र टेबलावर पेट्रोलच्या भांड्यात करू नका, कारण वायर जोडायच्या चिमट्यांशी उडालेली एक ठिणगी आग लागायला पुरते. ती सेन्सर गाडीवर बसवूनच होऊ द्या: टाकी रिझर्व्हला असताना इग्निशन सुरू करून दिवा लागू द्यावा, मग इग्निशन बंद करून पेट्रोल भरावे आणि पुन्हा सुरू करून दिवा विझलेलाच राहतो का ते पाहावे.

सेन्सर टेबलावर चालला आणि गाडीवर नाही, तर डबीची छिद्रे पाहा. वाळलेल्या पेट्रोलच्या चिकट थराने ती बुजली की आत पेट्रोल अडकून राहते आणि टाकी रिकामी झाली तरी थर्मिस्टर ओलाच असतो.

आणखी एक गोष्ट आवर्जून पाहा: गाडीच्या डॅशबोर्डवरच्या मीटरमधला मूळ बल्ब काढून कोणी एलईडी तर बसवलेला नाही ना? एलईडी इतका कमी प्रवाह जाऊ देतो की थर्मिस्टर पुरेसा तापतच नाही, किंवा टाकी भरलेली असतानाही एलईडी मिणमिणत राहतो. मूळ वॅटचा बल्ब लावणे हा सर्वांत सरळ उपाय. एलईडीच हवा असेल तर त्याला समांतर ४७ ओहमचा रेझिस्टर जोडावा. चार्जिंगच्या १४ व्होल्टला त्यावर चार वॅटहून अधिक उष्णता निघू शकते, म्हणून तो १० वॅटचा घ्यावा आणि मीटरच्या प्लॅस्टिकला टेकणार नाही असा बसवावा.