रोजचा हिरवा चौकोन कुणासाठी?

प्रश्न : मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गुण बरे आहेत. ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही बघता-सुधारता येतो अशा प्रकल्पांत, काम दिसलं की पुण्यात चांगली नोकरी लागते म्हणतात, म्हणून रोज एक पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये बदल सुचवणारा प्रस्ताव) टाकायला सांगितलंय. हे काम गिटहब या संकेतस्थळावर चालतं; त्या दिवशी काम झालं की तिथला चौकोन हिरवा होतो. रात्री तो मी स्वतः तपासतो. पण हा दोन महिने एका मराठी फॉन्टच्या ‘ऱ्य’वर अडकलाय, नुसती चर्चा करत बसतो. शेवटी मीच त्याच्या अकाउंटवरून ‘कृपया लवकर मंजूर करा’ असं लिहिलं. त्याला मार्गावर कसं आणू? – एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मुलगा मार्गावरच आहे, मला काळजी तुमची वाटते. वीस वर्षांच्या पोराच्या नावाने तुम्ही अनोळखी लोकांना तगादा लावलात! तिथे माणसाची पत त्याच्या लिहिण्या-बोलण्यावरून ठरते, आणि ती त्याने दोन महिने खपून कमावली होती.

पुल रिक्वेस्ट म्हणजे तपासून गुण द्यायची उत्तरपत्रिका, हा समज आधी काढून टाका. ती कुणीतरी नोकरीधंदा सांभाळून, बहुधा फुकट वाचतो आणि स्वीकारली की पुढे वर्षानुवर्षं निस्तरतो. 2020च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ऑक्टोबरभर चालणाऱ्या ओपन सोर्सच्या उपक्रमात, चार पुल रिक्वेस्टना टी-शर्ट होता. लोकांनी रीडमीत (प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये) एखादा शब्द इकडचा तिकडे करून इतका कचरा टाकला, की आयोजकांना आठवड्याच्या आत नियम बदलावा लागला : ज्या प्रकल्पांची तयारी असेल, तिथलंच काम धरायचं. कोडमधली विचित्र दिसणारी ओळ का आहे, हे बऱ्याचदा जुन्या चर्चेतच सापडतं. ती न वाचता ओळ उडवणारा नवखा दुसऱ्याचं काम वाढवतो.

तुमचा मुलगा नेमकं उलटं करतोय. ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं तर डोंगरातून थेट समुद्रात जातो, हे परदेशातल्या डेव्हलपरला कोण सांगणार? मराठी वाचणारा, छापील नमुने दाखवणारा, आक्षेपांना उत्तर देणारा माणूसच लागतो. मुलाखतीत ‘कुणी विरोध केला, मग तू काय बदललंस?’ असं विचारलं तर त्याच्याकडे सांगायला काहीतरी असेल. हिरव्या चौकोनांबद्दल कुणी विचारणार नाही.

गेट, कॅम्पस या वाटा त्याला कॉलेजात कळतीलच. गुगल समर ऑफ कोडचं, म्हणजे ओपन सोर्समध्ये काम करायच्या गुगलच्या कार्यक्रमाचं, मनात असेल, तरी प्रस्ताव टाकण्याआधी मेंटॉरशी, म्हणजे प्रकल्पातल्या मार्गदर्शकाशी, बोलून घेणंच शहाणपणाचं, म्हणजे पुन्हा तुम्हाला खटकणारी तीच चर्चा.

रात्रीची तपासणी आजपासून बंद करा. ‘तो मजकूर माझा नव्हता, वडिलांनी लिहिला होता’ असं त्याला तिथे लिहू द्या. आणि पासवर्ड बदलायला सांगा, नवा विचारू नका.